टोमॅटो, पालक आणि वांगं

उभ्या दिल्लीत, आणि त्यात मी नोएडा-गुडगावही धरते, रंगांबद्दल माझ्या आतोबांइतकी ठाम मतं असलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. आणि या माणसाला लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मापासून कळत नाही. टोमॅटो आणायला पाठवलं की अर्धे कच्चे घेऊन येतात. सिग्नलचा दिवा वरचा लागलाय की खालचा, एवढं बघून गाडी चालवतात. आत्याला पाहायला गेले तेव्हा मोठ्यांनी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, तर तिथे यांचं पहिलं वाक्य, "लाल साडी तुम्हाला छान दिसते." आत्या हिरव्या साडीत होती. बिचारा घाबरलाय असं समजून तिने होकार दिला, आणि पुढची चाळीसेक वर्षं प्रत्येक लग्नकार्यात पहिल्या पंगतीला हा किस्सा वाढला गेला. अशा माणसाने छंद कुठला लावून घ्यावा? तर जुने रंगीत टीव्ही गोळा करून दुरुस्त करण्याचा. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही कोणी फुकट दिला तरी ते घेत नाहीत. म्हणतात, "त्यात काय मजा?"

त्यांचं घर फरीदाबादला, तळमजल्यावर. ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे सुरू केलं. मी दिल्लीतल्या द्वारकेहून दोन मेट्रो बदलून रविवारी जाते, आणि दारातून आत शिरताना अंग चोरून घ्यावं लागतं, कारण घरात सोळा टीव्ही आहेत. लाकडी पेटीतले, चार पायांवर उभे असलेले, सरकत्या दाराचे. एक तर दिवाणाखाली आडवा घातलेला. ज्या वस्तीतून आणला त्या वस्तीचं नाव त्या टीव्हीला. त्यामुळे नवख्या माणसाला त्या घरातलं बोलणं ऐकून काळजीच वाटते. "लाजपतनगर फार तापलंय गं, बंद कर." "करोलबागचा आवाज बसलाय." फक्त एकाचं नाव 'घरचा'. तो आत्या-आतोबांनी संसाराच्या सुरुवातीला हौसेने घेतलेला पहिला रंगीत टीव्ही. त्याची पिक्चर ट्यूब कधीच गेली होती आणि तशी ट्यूब कुठे मिळत नव्हती. तो समोरच्या खोलीत भरतकामाचा रुमाल पांघरून बसलेला असायचा, आणि आतोबा येता-जाता त्याच्यावर हात ठेवायचे.

रंग जुळवायचे स्क्रू टीव्हीच्या पाठीमागे असतात, चित्र पुढे. म्हणून बाकीचे मेकॅनिक समोर आरसा ठेवतात. आतोबांनी आत्याला बसवलं. थंडीत मांडीवर मटारचं ताट, उन्हाळ्यात निवडायचे तांदूळ, आणि समोर बातम्या सांगणारी बाई. मागून आतोबांचा फक्त पंखा लावल्यासारखा आवाज यायचा, "आता? आता? आता?" लाल-हिरव्याची नावं सांगून उपयोग नव्हता, म्हणून आत्याने भाजीची भाषा काढली होती. लाल, हिरव्या आणि निळ्याच्या तिन्ही स्क्रूंजवळ तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या: टोमॅटो, पालक, वांगं. "पालक उतरवा. अजून. अहो, बाई शेवाळलीय सगळी. हां. आता चिमूटभर टोमॅटो. बास." मग आतोबा स्क्रू हलू नये म्हणून त्याच्यावर आत्याच्या नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचे. तो थेंब पडला की काम संपलं. आत्याची नखं बोडकी आणि टीव्हीचे स्क्रू मात्र नटलेले, असा त्या घरातला प्रकार.

एकदा आत्या महिनाभर पुण्याला गेली होती. आतोबांनी शेजाऱ्यांचा जुना सेट आपल्याच हिमतीवर जुळवून दिला. शेजारी चष्मा पुसून टीव्हीसमोर उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "भाईसाब, इन मैडम की तबीयत ठीक नहीं लग रही." आतोबा शांतपणे म्हणाले, "खबरें ही ऐसी हैं." आत्या परत येईपर्यंत ती बाई त्या घरात हिरवीच राहिली.

हे सगळं मी हसत सांगते, कारण रडत सांगितलं तर आतोबांना आवडणार नाही.

तीन वर्षांपूर्वी आत्या विसरायला लागली. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग माणसं. एका रविवारी मी स्वयंपाकघरात गेले, तर तिच्या हातात टोमॅटो होता आणि ती मला विचारत होती, "पालक चिरू ना गं?" मी "चीर" म्हटलं. आतोबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि ते करोलबागकडे गेले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे थांबणार नाही हेही सांगितलं.

त्या दिवसापासून आतोबांना 'घरचा'ची घाई झाली. सोळापैकी बाकी कशालाच त्यांनी हात लावला नाही. आत्याला अजून थोडं कळतंय, तोवर तो चालू व्हायला हवा आणि तिने समोर बसून एकदा 'बास' म्हणायला हवं, एवढंच त्यांना हवं होतं. फोनवर फोन करून त्यांनी तशीच ट्यूब पानिपतच्या एका चादरीवाल्याच्या गोदामात शोधली. मीही बरोबर गेले. परतताना ती पेटी लहान मुलासारखी मांडीवर धरून ते म्हणाले, "मराठी माणूस पानिपतहून जिंकून चाललाय, लिहून ठेव बेटा." चांगलं वाक्य होतं. पण म्हणताना त्यांचा हात घड्याळावर होता. आत्याला शेजारणीकडे सोडून आलो होतो.

मागच्या थंडीत एका दुपारी 'घरचा' लागला. आत्याला शाल गुंडाळून समोर बसवलं, मांडीवर मटारचं ताट दिलं. आतोबा पाठीमागे गेले. "आता?"

आत्या नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "वांगं टाका."

त्यांनी टाकलं. बातम्यांतली बाई निळसर झाली.

"अजून टाका. अजून. आजारी दिसतेय हो ती."

बाई पार जांभळी पडली. ओठ, कपाळ, मागची भिंत, सगळं. मी सांगणार होते. आतोबा चित्र बघायला पुढे येईनात, म्हणून मीच मागे गेले. तर वांग्याच्या स्क्रूपाशी पेन्सिलची एक बारीक रेघ होती आणि स्क्रू रेघेच्या कितीतरी पुढे फिरलेला होता.

"ही रेघ कसली?" मी हळूच विचारलं.

"मीटरची. रंग मोजायचं मीटर मागून आणलं, सकाळीच लावून बघितलं. बरोबर जागा ती."

"मग परत तिथे आणा ना. नाहीतर मी समोर बसून सांगते."

"तू बरोबर सांगशील गं. बिल्कुल बरोबर सांगशील. पण बघायचाय तिला."

समोरून आत्याचा आवाज आला, "बास. आता बरी झाली."

आतोबांनी डोळे मिटून घेतले. मग खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि जांभळ्या बाईवर कायमचा शिक्का मारला. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेवाही वाटला.

बाटली घेऊन ते पुढे आले तेव्हा आत्याने, का कोण जाणे, आपला हात पुढे केला. आतोबा तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि तिच्या अंगठ्याला रंग लावू लागले. अर्धा रंग नखावर, अर्धा कातडीवर. आत्या एकाग्र होऊन बघत होती. मग तिने विचारलं, "अहो, हा कुठला रंग?"

आयुष्यभर हा प्रश्न त्यांनी तिला विचारला होता. मी तोंड उघडलं. आतोबांनी माझ्याकडे न बघताच हाताने मला थांबवलं.

"गच्चीवर तू नेसली होतीस ना," ते म्हणाले, "त्या साडीचा."

नेलपॉलिश लाल होतं आणि साडी हिरवी होती. पण आतोबांच्या डोळ्यांना ते दोन्ही पहिल्यापासून एकच, त्यामुळे ते खोटं बोलत नव्हते.

"मग छान असेल," आत्या म्हणाली, आणि तिने दुसरं बोट पुढे केलं.