उन्हाशी भांडणारी आत्या

माझ्या चुलत आत्याइतकं उन्हाशी उघड वैर धरलेलं माणूस साऱ्या चऱ्होलीत सापडायचं नाही. इतर लोक ऊन वाढलं की घाम पुसतात, सरबत पितात आणि "यंदा फारच आहे हो" म्हणून मोकळे होतात. आत्याचं तसं नाही. एवढं ऊन आलं कुठून, कुणाच्या हातून वाढलं, याची ती चौकशी करते आणि सापडेल त्याला जाब विचारते. आता ऊन वाढवणाऱ्या, आभाळभर साचलेल्या धुराचा गुन्हेगार एका गावात सापडणं कठीण. पण मी हाताशी होतो, म्हणून ती मलाच विचारायची.

तिचं घर गावठाणाच्या टोकाला, आणि तिच्या अंगणाला खेटून आमची सोसायटी. सोसायटी उभी आहे ते आत्याचं एके काळचं कांद्याचं वावर. जमीन विकून बरीच वर्षं झाली, पण सातबाऱ्यावरून नाव गेलं तरी वावर तिच्या मनातून काही गेलं नाही. त्यामुळे वॉचमन तिला अडवत नाही आणि ती आपल्या रानातून फिरावं तशी जिन्याजिन्यातून फिरते. दिवसा जळणारा दिवा दिसला की विझवते. टाकी भरून वाहायला लागली, की खाली उभी राहून पंप बंद होईपर्यंत हाका मारते. माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. मी एसी बसवला तेव्हा त्याचं बाहेरचं खोकं नेमकं तिच्या ओसरीच्या समोर आलं. दुपारी ती खाली येऊन उभी राहिली, तोंडावर पदर धरून त्या गरम वाऱ्याचा अंदाज घेतला आणि शांतपणे म्हणाली, "तुजं घर गार करतुयास आन् आतली धग माझ्या दारात वततुयास, व्हय रं?" मी खोकं दुसऱ्या भिंतीला हलवलं.

माझी गाडी हा तिचा दुसरा विषय. मी चाकणच्या कंपनीत जातो, एकटाच जायचो. एवढ्या मोठ्या गाडीत एक माणूस जातो आणि बाकीच्या जागा नुसत्याच डिझेल पितात, हे तिला बघवेना. ती सकाळी गेटपाशी उभी राहून माझी गाडी भरू लागली. चाकणला जाणारं कुणी दिसलं की दार उघडायची आणि बसवायची. हळूहळू तिची घाई इतकी वाढली, की विचारपूस मागे पडली. एकदा मागच्या सीटवर एक सभ्य गृहस्थ मुकाट बसून होते. मोशी ओलांडून ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ते संकोचून म्हणाले, "साहेब, मला खरं तर भोसरीला जायचं होतं. पण आजींनी दंडाला धरून बसवलं, नाही म्हणायला जमलं नाही." त्यांना उतरवून रिक्षा बघून दिली. तरी गाडी रोज भरून जायची सवय लागली ती लागलीच, आणि खरं सांगायचं तर त्या कंटाळवाण्या रस्त्यावर गप्पांना माणसं मिळाली.

मागच्या उन्हाळ्यात मात्र गंमत बाजूला राहिली. ऐन दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालू होते आणि कोपऱ्यावरची विजेची डीपी जळाली. पंखेसुद्धा बंद. माणसं खाली पार्किंगच्या सावलीत जमून वीज कंपनीला फोन लावत होती. आत्या आली, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "वरचं म्हातारं कुठं हाय?"

वरचं म्हातारं म्हणजे अण्णा. लातूरकडचे, मुलगा-सुनेबरोबर सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारे. दोघं कामावर गेलेली. आम्ही धावत वर गेलो. घरात पाय ठेवला तर भट्टीत शिरल्यासारखं वाटलं. सकाळपासून तापलेली गच्ची बरोबर डोक्यावर. अण्णा पलंगावर पडून होते, अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं, आत्याच्या अंगणात कडुलिंबाखाली निजवलं. आत्यानं आपली धुतलेली लुगडी पाण्यात बुडवून त्यांच्या अंगावर टाकली आणि अँब्युलन्स येईपर्यंत ती विंझणा घालत राहिली. हात भरून आले तरी तो विंझणा तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही.

अण्णा बरे होऊन घरी आले. मग सोसायटीची मीटिंग झाली. मोठी डीपी मागवावी यावर जवळपास एकमत होतं. सभासद नसलेली आत्या पहिल्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, "मोठी डीपी आली की तुमी आनखी यसी लावनार. मग त्याहून मोठी. आन् त्येची समदी धग जानार कुठं? अण्णाच्या डोक्यावरचा सिलाप तापतुया. त्येला आधी चुना लावा. पांढऱ्यावर ऊन ठरत न्हाई."

सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आत्या, चुन्यानं ग्लोबल वॉर्मिंग थांबत नसतं."

"न्हाई थांबनार," आत्या म्हणाली. "अण्णाला दुपारची झोप तर लागंल."

रविवारी हयातभर लॅपटॉप धरलेले हात कुंचे घेऊन गच्चीवर गेले. संध्याकाळपर्यंत गच्ची पांढरी झाली आणि आम्हीही. दोन दिवसांत वळवाचा पाऊस आला आणि सगळा चुना पन्हाळींतून दुधासारखा खाली, थेट पार्किंगमधल्या गाड्यांवर. लोक चिडले. आत्यानं कमरेवर हात ठेवून तो देखावा पाहिला आणि म्हणाली, "डिंक घालायचा राहिला. चुकलं माझं." तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी रंगाच्या कारखान्यात कामाला होती. तिनं चुन्यात काय मिसळायचं ते सांगितलं आणि दुसरा हात बसला तो बसलाच. वरच्या मजल्यावर फरक कळू लागला. अण्णा म्हणाले, "आता छत अंगावर येईना." मग आत्यानं आणखी एक टूम काढली. भर दुपारी प्रत्येक मजल्यावर एकाच घरातला एसी लावायचा आणि बाकीच्यांनी तिथं जाऊन बसायचं. सुरुवातीला लोक लाजले. आता पत्त्यांचे डाव चालतात, लोणच्यांची अदलाबदल होते, आणि दुरुस्त केलेली जुन्याच मापाची डीपी पुरते आहे.

यंदा आत्याचे गुडघे फार दुखतात. गच्चीला नवा हात दिल्यावर तिला तो बघायची इच्छा झाली. लिफ्टनं वर नेली, शेवटच्या पायऱ्या आम्ही खुर्चीसकट चढवल्या. दिवस मावळत होता. ती कठड्याशी बसून खाली आपलं जुनं वावर शोधू लागली. विहीर कुठं होती, बांधावरची बाभळ कुठं होती, बोटानं दाखवत राहिली. पूर्वी संध्याकाळी इंद्रायणीवरून वारं थेट ओसरीत यायचं, या इमारती झाल्यापासून येत नाही, असंही म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. तेवढ्यात नदीकडून एक गार झुळूक आली. आत्यानं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि डोळे मिटले.

"वारं हितं वर येऊन बसलंय व्हय," ती म्हणाली.

तिची खुर्ची आम्ही अंधार पडल्यावरच खाली नेली.