डाव्या हाताची राखी

राखीपौर्णिमेची दुपार. नारळीभात जरा जास्तच झाला आहे. तीन वर्षांपूर्वीची राखी उशीखाली ठेवून मी आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच शिलाई मशीनचा आवाज येतो.

बार्शीच्या दुकानात माझा थोरला भाऊ, दिगंबरअण्णा, मशीनवर बसला आहे. त्याला जाऊन तीन वर्षं होत आली, हे मला ठाऊक आहे. पण आल्या आल्या असं तोंडावर कसं सांगायचं?

"आलीस व्हय, सुले? बस की."

मी बसते ती दवाखान्यातल्या बाकावर. मशीन तसंच चालू आहे. अण्णाला दिवसातून चार-चारदा फिट यायची. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल डॉक्टरांनी कापला, तेव्हा ऑपरेशनचा हट्ट माझाच होता. फिट थांबल्या. पण मग उजवा हात सदऱ्याची बटणं लावी आणि डावा ती काढी. डॉक्टरांनी पडद्यावर डावीकडे एक चित्र दाखवलं. "काय बी दिसलं न्हाई," अण्णा म्हणाला. तेवढ्यात त्याच्या डाव्या हातानं फडक्याखालच्या वस्तूंतून चाचपून कात्री उचलली. चित्र कात्रीचंच होतं; डावा हात चालवणाऱ्या भागाला ते दिसलं, पण त्या भागाला बोलता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही हसलो, अण्णा हसला नाही.

त्या वर्षी राखीला म्हणाला, "तू माझी दोन माणसं केलीस. राखी नको मला, जा." उजवा हात त्यानं पाठीमागे घेतला. डावा मात्र मनगट वर करून माझ्यापुढे आला. मी राखी परत पिशवीत टाकली. डाव्या हाताला कुणी राखी बांधतं का? दिवाळीआधीच तो गेला.

"अण्णा, खरं सांग. तेव्हा हात कुणी पुढं केला होता?"

"मला काय ठावं? त्यो माझ्या शेजारीच ऱ्हातो, पर मधलं दार बंद हाय."

"त्याला कळायचं का सगळं?"

अण्णाचा पाय मशीनवर थांबतो. "बोलता येत न्हाई म्हंजी कळत न्हाई, असं कसं म्हणावं गं? मी रागात हुतो, हे माझं मी सांगतो. त्याचं त्याला इचार."

बाकाचा पाट झाला आहे, भोवती रांगोळी, तबकात निरांजन. अण्णाच्या मांडीवर डावा हात गप्प पडला आहे.

"बांधू?" मी हातालाच विचारते.

हात सावकाश उलटा होतो, मनगट वर. मी राखी बांधते. तो माझं बोट धरून ठेवतो. मला रडू आवरत नाही.

"का रडायलीस?" अण्णा विचारतो. त्याला खरंच माहीत नाही.

भाजीवाल्याच्या हाकेनं जाग येते. उशीखाली राखी नाही. ती माझ्या डाव्या मनगटावर आहे, गाठ घट्ट, दोऱ्याचं टोक चावून ओलं झालेलं. म्हणजे झोपेत उजव्या हातानं आणि दातांनी मीच बांधली असणार. मला काहीच आठवत नाही.

सोडायला मी उजवा हात पुढे करते. डावा हळूच पाठीमागे जातो.

मी त्याला जाऊ देते.