कुलंटच्या कॉकवरची गाठ

नगरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कापायच्या मशीनवर, एक कामगार होते. केडगावहून सायकलवर यायचे. नाव लिहीत नाही. आम्ही सगळे मामाच म्हणायचो. काम सुरू करण्याआधी ते बंद मशीनवरून एकदा हात फिरवत, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मी तिथे नवा शिकाऊ इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि त्याची मला घमेंडही होती. हिऱ्याचा थर दिलेल्या टूलने अॅल्युमिनियम कोरडंच कापायचं, टूल थंड ठेवणारं कुलंटचं पाणी अजिबात सोडायचं नाही, ही चाचणी मीच मागून घेतली होती. टूल एकच मिळालं होतं. ते गेलं असतं तर माझी नोकरी पक्की होणं अवघड होतं. तापलेल्या टूलवर कुलंट पडलं की ते तडकेल, हे मी मामांना तीनदा बजावलं.

मामांनी खिशातला रुमाल काढला आणि कुलंटच्या कॉकला, म्हणजे नळाच्या चावीला, त्याची गच्च गाठ मारली. म्हणाले, "वीस वर्सांची सवय हाय, सायब. डोकं ऐकंल, हात ऐकायचा न्हाई."

लेथ सुरू झाला. कापण्याचा आवाज चढला, तापलेला कीस माझ्या बाहीवर उडाला, आणि मी घाबरून कॉकवर झडप घातली. हाताला गाठ लागली.

मामांचे दोन्ही हात हँडलवर स्थिर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "हुतं असं," एवढंच म्हणाले.

टूल शाबूत राहिलं. पुढे मी पुष्कळ शिकलो, पण समोरच्याची चूक आधीच ओळखून ती स्वतःच्या नावावर घेणं मला अजून जमलेलं नाही.