कोल्हारच्या लव्हाळ्यांचा खर्ड्यापर्यंतचा प्रवास

नगरच्या सावेडीहून खर्ड्याला जायचं तर माणूस सरळ जामखेडची एस.टी. धरतो. मी आधी बरोबर उलट दिशेला, कोल्हारला गेले. मला लव्हाळे हवे होते, आणि त्या दुष्काळाच्या साली, त्र्याहत्तरच्या जानेवारीअखेर, हिरवी काडी मिळालीच तर प्रवरेच्या काठी मिळेल असं सगळे सांगत होते. "गवत आणायला कोल्हारला? डोकं ठिकाणावर आहे ना?" आमच्या शाळेतल्या जोशीबाईंनी विचारलं. मी एकदा ठरवलं की ऐकत नाही, हे त्यांना अजून कळायचं होतं.

लव्हाळे हवे होते नोराबाईंसाठी. नोराबाई आयर्लंडच्या. खर्ड्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची हयात गेली, आणि आता महिन्याभरात त्या कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. एक फेब्रुवारीला त्यांच्याकडे संत ब्रिजिडचा सण असतो. त्यासाठी लव्हाळ्याच्या काड्या विणून चौफुली (चार हातांचा क्रूस) करतात आणि दारावर लावतात. "माझं मराठी तापा-खोकल्याचं. दवाखान्यातल्या पोरांना या सणाची गोष्ट तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या होत्या. "जाण्याआधी इथल्या पोरांच्या हातची एक चौफुली बघायची आहे मला." मी लव्हाळे घेऊन येते, असा शब्द देऊन बसले होते.

कोल्हारला नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. एका डोहाच्या कडेला मात्र लव्हाळे उभे होते. काठावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विळा दिला.

"जनावर कंचं हाय तुमचं?"

"जनावर नाही, बाबा. सणासाठी नेतेय."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. विळा परत देईपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

नगरला घरी कापलेल्या लव्हाळ्यांची पेंढी रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवली आणि सणाच्या आदल्या दिवशी सकाळी निघाले. वाटेत ज्याने त्याने तिला हात लावून पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "चारा टपावर टाका." मी पेंढी मांडीवर घेऊन बसले आणि जामखेडपर्यंत साडी ओली करून घेतली.

जामखेडला गाडी बदलली. ती खर्ड्याच्या रस्त्यावर पंक्चर झाली, तीही नेमकी गुरांच्या छावणीसमोर. दुष्काळात लोकांनी आपली जनावरं तिथे आणून बांधली होती. चाऱ्याचा ट्रक आदल्या दिवसापासून आला नव्हता. मी लिंबाखाली टेकते न टेकते तोच एक बाई आली आणि सरळ पेंढीची गाठ सोडू लागली. मागे तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती.

"अहो, हे काय? चारा नाही हा!"

"हिरवा तर हाय," ती शांतपणे म्हणाली. "म्हस कालधरनं उपाशी हाय माजी. गाबन हाय."

"ते खरं, पण हे मी शब्द देऊन आणलंय." मी पेंढी ओढून घेतली. मला तिचा रागच आला होता. तिचं नाव गयाबाई, मुलीचं मंगल, हे नंतर कळलं.

"मंग कशाला हाय ह्ये?" मंगलने विचारलं.

मुलांनी विचारलं की मला गप्प बसवत नाही. छावणीतली आणखी चार पोरं जमली. मी म्हटलं, इथेच तालीम होऊन जाऊ दे.

"लांब समुद्रापलीकडे एक हिरवा देश आहे. तिथली थंडी फार वाईट. ती सरताना मेंढ्या व्यायला होतात, त्यांना दूध उतरतं. तेव्हा लोक म्हणायचे, आता चांगले दिवस आले, आणि सण करायचे. हे फार जुनं. पुढे तिथे ब्रिजिड नावाची साध्वी झाली आणि तो सण तिच्या नावाचा झाला. एकदा ती एका मरणाला टेकलेल्या सरदाराजवळ बसली होती. जमिनीवर लव्हाळे पसरले होते. त्याला धीर देता देता तिने ते उचलून असे विणले."

नोराबाईंनी शिकवल्याप्रमाणे मी एक चौफुली विणून दाखवली. मुलं खाली वाकून बघत होती.

"ही घरावर लावतात, गोठ्यावर लावतात. माणसं-जनावरं सुखी राहावीत म्हणून. ब्रिजिड लहानपणापासून तशीच. घरातलं लोणी दारी आलेल्या उपाशी माणसाला..."

इथे माझी जीभ अडखळली. पोरं वाट बघत होती. गयाबाई माझ्याकडे नाही, पेंढीकडे बघत होती.

"...देऊन टाकायची," मी कसंबसं पुरं केलं. आता ही गोष्ट मी उद्या कुठल्या तोंडाने सांगणार होते?

मी पेंढी गयाबाईच्या हातात दिली. विणलेली चौफुलीही दिली. म्हशीने ती पहिल्याच घासाला संपवली. गयाबाईने ओंजळभर सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारं गोड पीठ) माझ्या रुमालात बांधली आणि मी नको म्हणायच्या आत निघून गेली.

खर्ड्याला पोचले तेव्हा नोराबाई दारातच उभ्या होत्या.

"लव्हाळे?"

"म्हशीनं खाल्ले," म्हणताना मला रडूच आलं.

सगळं ऐकून त्या हसल्या. "मग सण झाला की," म्हणाल्या आणि मला लाल मिलोची (अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची) भाकरी वाढली. पण जेवताना त्यांची नजर दोनदा रिकाम्या दाराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या ओसरीवर पोरांना गोष्ट सांगितली, म्हशीसकट. ती संपली तेव्हा एकीने विचारलं, "बाई, म्हशीचं नाव काय?" ते मी विचारलंच नव्हतं.

परतताना छावणी दिसताच मी उठले. "हा थांबा न्हाई," कंडक्टर म्हणाला. "मला उतरायचंच आहे," मी म्हणाले, आणि उतरले.

गयाबाईची म्हैस रवंथ करत बसली होती. तिच्या डोक्यावर, मांडवाच्या मेढीला शेणाने चिकटवलेली एक चौफुली होती. वेडीवाकडी, जाड, एक हात आखूड.

"म्हशीनं बुडखं टाकली, त्याची केली," मंगल म्हणाली. "तुमीच म्हनला ना, गोठ्यावर बी लावत्यात."

"म्हशीचं नाव काय गं?"

"चांदी."

ती चौफुली चांदीची होती, मागणं शक्यच नव्हतं. मी रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिले आणि खर्ड्याकडे जाणारी पहिली गाडी धरली. नोराबाई औषधाच्या बाटल्या पुसत होत्या. मी म्हटलं, "चला. चपला घाला."

दुपारी त्या चांदीसमोर उभ्या होत्या. मान वर करून त्यांनी मेढीवरची चौफुली न्याहाळली. मग मंगलचे दोन्ही हात हातात घेऊन उलटे-सुलटे बघत राहिल्या. बोटांच्या फटींत अजून शेण होतं. "मी पाहिली हं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते मराठीतच म्हणाल्या.

सोमवारी शाळेत जोशीबाईंनी विचारलं, "पोचलं का तुमचं गवत?"

"पोचलं," मी म्हणाले. "म्हशीमार्फत."