घडीचा कागद
नव्या प्लॅस्टिकचा वास आला की दौंडमधलं माझं झेरॉक्सचं दुकान आठवतं. केडगावच्या एक शिवणकाम शिकवणाऱ्या बाई जुनं पुस्तक घेऊन आल्या होत्या. "मशीनपुढं ठेवलं की मिटतंय बघा. स्पायरल करून द्या, लेकीचा लग्नाचा झगा शिवायचाय." मी पुस्तकाचा कणा कापला, भोकं पाडली, स्पायरल ओवली. कापड बेतायला झग्याच्या मापाचा मोठा कागद पुस्तकाच्या शेवटी घडी घालून चिकटवलेला होता. बाई तो उलगडायला गेल्या, तर एकेक तुकडा पानासारखा उलटू लागला. कण्याबरोबर घडीसकट कापला होता मी तो. "तुमची काय चूक," बाई हळू म्हणाल्या, "मीच सांगाया पायजे हुतं." कापताना बोटांना काहीतरी जाड लागलं होतं आणि उघडून बघायचा मी कंटाळा केला, हे मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.