चालायच्या गेमवाली आक्का

पडलेल्या माणसाला आक्का कधी मारत नसे. पडद्यावरचा गुंड आडवा झाला की ती हँडलवर हात ठेवून शांत उभी राहायची. तो गुडघ्यावर यायचा, डुलत उभा राहायचा, अंग झटकायचा, आणि मग गेममधला आक्काचा म्हातारा काठी उगारायचा. बाकीची पोरं नेमकी तो पडल्याची वेळच साधायची. मागे उभं राहून ती ओरडायची, “आक्का, हान की! पडलाय बघ!” आक्का म्हणायची, “उटू दे की रे त्याला. पडलेल्याला मारायला गेम कशाला लागतोय? ते तर कुनालाबी येतंय.”

परळीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं घर होतं. पुढच्या खोलीत पूर्वी तिच्या यजमानांचं भुसाराचं दुकान होतं. ते अचानक गेले, दुकान बसलं, आणि खोली वर्षभर नुसती कुलपात राहिली. मग सिकंदराबादला गेम दुरुस्तीचा कारखाना असलेल्या तिच्या भावानं एक जुनं मशीन रेल्वेनं पाठवून दिलं. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करडी, डोक्यावरून पदर अशी पंचेचाळिशीची बाई व्हिडिओ गेम चालवते, हे आमच्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं. बसस्टँडजवळ दुसरा गेम होता, दोघं समोरासमोर उभे राहून मारामारी करतात तो. तिथं रांगा लागायच्या. आक्काच्या गेममध्ये माणूस डावीकडून उजवीकडे चालत जायचा, वाटेत येतील त्यांच्याशी लढायचा आणि पुन्हा चालू लागायचा. पोरं त्याला नाक मुरडून ‘चालायचा गेम’ म्हणायची. त्याचं खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही. मशीनच्या कपाळावरची परकी अक्षरं उन्हानं उडून गेली होती.

ते नाव मला दोन महिन्यांपूर्वी पुण्यात कळलं. जुन्या खेळांची एक भलीमोठी यादी संगणकावर चाळताना अचानक तो म्हातारा दिसला, वाकलेली पाठ आणि हातात काठी. खाली कुणीतरी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की हा खेळ आला कधी आणि विसरला गेला कधी, ते कुणालाच कळलं नाही. मी दार लावून घेतलं आणि रविवारची सगळी दुपार तो खेळत बसले. बांबूचं बन, पाणचक्कीचं गाव, बंदर. प्रत्येक ठिकाणी मला आधी आक्काचा आवाज ऐकू यायचा आणि मग गेमचा. आक्का जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. तरी त्या दुपारी ती माझ्या डाव्या खांद्याशी उभी होती, असं मी शपथेवर सांगेन.

आक्काकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी अकरावीला होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, थर्मलमध्ये, गावाजवळच्या वीज केंद्रात, ऑपरेटर होते. उन्हाळ्याच्या एका दुपारी शिकवणीहून येताना आक्काच्या दारात माझ्या सायकलची चेन पडली. हवेत राखेचा पातळ पडदा होता, ऊन त्यातून गाळून आल्यासारखं पांढुरकं दिसत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हात काळे करून मी चेनशी झटत होते, तेव्हा आतून आवाज आला, “आधी पानी पी, मंग कर.” तांब्या घेऊन आत गेले तर आक्का एकटीच खेळत होती. मी पाहत राहिले. थोड्या वेळानं तिनं मान न वळवता विचारलं, “खेळतीस का?”

“मला नाही येत.”

“मला तरी कुटं येत हुतं? ये, दुसरं हँडल मोकळंच हाय.”

तो गेम दोघांना मिळून खेळता यायचा. चार माणसांतून एक निवडायचा असे. तलवारवाला तरुण सगळ्यांना हवा असायचा. आक्का नेहमी म्हातारा घ्यायची, कारण “त्याला कोनच घेत न्हाई.” मी वेणीवाली मुलगी घेतली आणि धावत सुटले. तीन पावलांत मेले. आक्का हसली नाही. म्हणाली, “पळतीस कावून? पडदा आपल्याबरूबर चालतोय. आपन थांबलो की त्यो बी थांबतोय. कुनी मागं लागलं न्हाई आपल्या.”

मला पुढे आयुष्यात अनेकांनी अनेक उपदेश केले. हा एक अजून अंगात आहे.

तिसऱ्या टप्प्यात बंदर यायचं. गलबतं, धक्का आणि पलीकडे पडदाभर समुद्र. मशीनच्या पडद्यातला तांबडा रंग कधीच मेला होता, त्यामुळे तो समुद्र, आकाश, माणसं, सगळं निळसर हिरव्या उजेडात बुडालेलं दिसायचं. तिथली माणसं हरवून झाली की कोपऱ्यात उजवीकडे दाखवणारं हाताचं बोट लुकलुकायचं, पुढं चला म्हणून. आक्का चालायची नाही. म्हाताऱ्याला धक्क्याच्या कडेला नेऊन उभं करायची. लाटा यायच्या, जायच्या. बाहेर परळीची दुपार फुफाट्यासारखी तापलेली, नळाला चार दिवसांआड पाणी, आणि आम्ही दोघी त्या निळ्या उजेडात उभ्या. मी चुळबुळ केली की ती म्हणायची, “एवढं पानी हाय, बघू दे की गं जरा.” मग वेळ संपत आल्याची घंटा वाजायची आणि ती नाइलाजानं पाय उचलायची. लग्न होऊन परळीत आली त्यानंतर तिनं सिकंदराबादची वाट सोडून कुठलाच रस्ता पाहिला नव्हता.

हळूहळू शनिवारची दुपार आम्हा मुलींची झाली. आक्का दाराला जुन्या साडीचा पडदा लावायची आणि पोरांना सांगायची, “आज बसस्टँडवर जावा.” माझ्याबरोबर वर्गातल्या दोघीतिघी यायच्या. गेममधल्या प्रत्येक गुंडाला आक्कानं नाव दिलं होतं. हातोडा घेऊन येणारा जाडा म्हणजे मुकादम. उडी मारून लाथ घालणारी बाई म्हणजे थोरली नणंद. “ती बग आली थोरली, बाजूला व्हय!” म्हटलं की आम्ही हसून हसून हँडल सोडून द्यायचो आणि मरायचो. त्या खोलीत आम्ही जितक्या मोठ्यानं हसलो तितक्या मोठ्यानं गावात दुसरीकडे कुठेच हसलो नाही.

सहाव्या टप्प्यात बर्फाचा डोंगर होता. तिथं पोचलं की चित्र थिजायचं. म्हातारा एक पाय उचललेला तसाच उभा, आवाज एकाच सुरात घूंऽऽ करत अडकलेला. मग मशीन बंद करून पहिल्यापासून सुरू. सुरुवातीला आक्काला वाटायचं, हा गेमचाच भाग आहे. “थंडीनं आकडला बिचारा,” ती म्हणायची. पण पुढं काय आहे हे तिला फार जाणून घ्यायचं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसालाही ती मधेच विचारायची, “त्या डोंगराच्या पल्याड काय आसंल हो?” भावानं कळवलं, ते भंगारात घाल, नवीन पाठवतो. आक्कानं कळवलं, नको.

एका शनिवारी मी म्हणाले, “आक्का, मागचं दार उघडून बघू का?” घरातला रेडिओ मी दोनदा उघडला होता आणि दोनदा मार खाल्ला होता. आक्कानं हँडल सोडलं. मग आत गेली आणि यजमानांच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली.

मागची फळी काढली आणि आम्ही दोघी आत डोकावलो. आत राख होती. थर्मलची, करडी, मऊ. वर्षानुवर्षं झिरपून तिनं सगळा बोर्ड झाकून टाकला होता, बारकी जाळी बुजवून टाकली होती. मशीन तापत होतं आणि त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. मी मांडी घालून बसले आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकेक चिप मोकळी करू लागले.

त्याच वेळी दारातला पडदा बाजूला झाला. अण्णा उभे होते. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की तुमची मुलगी गेमच्या दुकानात असते. मुलगी म्हणून मी डी. एड. करायचं, मला गावातल्या शाळेत लावायचं आणि मग उजवायचं, असं घरात ठरलेलं होतं. अण्णांचा चेहरा मी त्याआधी असा कधी पाहिला नव्हता.

“हे काय चाललंय?” ते गरजले. “ऊठ! आधी ऊठ तिथून!”

आक्का जागची हलली नाही. म्हणाली, “साहेब, जरा हळू. तिच्या हातात बारीक काम हाय.”

अण्णा पुढं आले. उघडं मशीन, माझ्या मांडीवरचा राखेचा ढीग, चिपांच्या ओळी त्यांनी पाहिल्या. त्यांच्या घशातला पुढचा शब्द बदलला. त्यांनी विचारलं, “मेन बंद केलाय का?”

“केलाय.”

“प्लग काढलाय? नुसतं बटण नाही, प्लग.”

मी प्लग दाखवला. त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. “आमच्या पॅनेललाही हाच रोग आहे,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “ही वरची चिप बघ, उष्णतेनं उचललीय. दाब. दोन्ही अंगठ्यांनी, सरळ.” मी दाबली. कट असा बारीक आवाज आला.

आक्कानं मशीन लावलं. बन गेलं, पाणचक्की गेली, बंदर गेलं; त्या दिवशी तिथं ती थांबलीसुद्धा नाही. बर्फ आला. म्हाताऱ्यानं पाय उचलला आणि टाकला. पुन्हा उचलला. डोंगरापलीकडे एक साधं गाव होतं, धूर निघणारी छपरं, एक विहीर. म्हातारा आपल्या घराच्या दारात जाऊन बसला आणि पडद्यावर अक्षरं चालू लागली. मागे उभ्या अण्णांनी अगदी हळू विचारलं, “आता पुढं काय?” तेवढ्यात पडदा काळा झाला आणि पुन्हा बांबूचं बन उगवलं.

“आता गं बया,” आक्का म्हणाली, “एवढं चालून पुन्ना तितंच!” मग डोळ्यांना पदर लावत हसली. “बरंच झालं. संपला आसता तर मी उद्या काय केलं आसतं?”

आठ दिवस अण्णा माझ्याशी या विषयावर बोलले नाहीत. नंतर एका संध्याकाळी त्यांनी औरंगाबादच्या पॉलिटेक्निकचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. इलेक्ट्रॉनिक्स. मी तो तिथंच भरायला घेतला. लगेच ते म्हणाले, “आणि त्या आक्काकडं आजपासून जायचं बंद. कारण विचारू नकोस.”

मी विचारलं नाही. गेलेही नाही. माझ्याबरोबरच्या दोघीतिघीही मग जाईनाशा झाल्या. लोकांच्या तोंडाला घाबरून अण्णांनी हे केलं असं मी धरून चालले आणि त्यांचा राग मनात ठेवला, बरीच वर्षं. औरंगाबादला निघाले त्या दिवशी रिक्षा आक्काच्या घरावरून गेली. दाराला पडदा होता. आतून गेमचा आवाज येत होता. मी रिक्षा थांबवली नाही, याची लाज मला अजून वाटते.

शेवटच्या वर्षाला असताना परळीला आले तर खोलीला कुलूप. घरोघरी केबल आली होती, टीव्हीला जोडायचे छोटे गेम आले होते, पोरं फिरकेनाशी झाली होती. शेजारीण म्हणाली, “आक्का भावाकडं गेली, सिकंदराबादला. मशीन बी घेऊन गेली.” मला नोकरी लागली, अण्णा गेले, आणि त्यानंतरच्या वर्षी कामानिमित्त हैदराबादला जाणं झालं तेव्हा मी पत्ता शोधत गेले.

लांबट पत्र्याची खोली, टेबलांची रांग, रॉकेलचा आणि जळक्या शिशाचा वास. शेवटच्या टेबलाशी जाड भिंगांचा चष्मा लावून आक्का बसली होती, समोर उघडा बोर्ड, हातात सोल्डर गन. वर न पाहता म्हणाली, “थांब, एवढा टाका हू दे.” टाका झाला. तिनं वर पाहिलं आणि शेजारचं स्टूल माझ्याकडे ओढलं.

“तू त्ये मागचं दार उघडलंस ना,” ती म्हणाली, “तवा कळलं. आत नुसती राखच हुती. मी उगं मशीनला भीत हुते.”

चहा आला. मी अखेर मनातलं बोलले. अण्णांनी बंदी घातली म्हणून आले नाही, म्हटलं. त्यांना मी माफ केलं नव्हतं, म्हटलं.

आक्कानं कप खाली ठेवला. “त्यांनी न्हाई घातली, पोरी. त्ये आल्ते माज्याकडं, हिला कुटं घालू म्हनून इचारायला. स्टुलावर बसून दोन डाव खेळले बी. मीच म्हनलं, मशीनच्या शाळेत घाला. आन मीच म्हनलं, आता तिला इकडं लावून देऊ नका. इकडं आली तर खेळतच बसंल.”

बाहेर कुठेतरी गाडीची शिटी झाली. मी विचारलं, “मग शनिवारी तुम्ही कुणाबरोबर खेळायचात?”

“कुनाबरूबर? दोगींचं मीच खेळायची. ह्या हातानं माजा म्हातारा, ह्या हातानं तुजी येनीवाली.” तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि सोल्डर गन उचलली. “पन तुजी लई मरायची गं.”