बाबांच्या तोंडाचा फोटो

निवृत्तीनंतर बाबा लातूरहून आमच्याकडे चेन्नईला, अण्णा नगरात राहायला आले, तेव्हा त्यांची खरी अडचण भाषेची नव्हती. तंबाखू कुणापुढे धरायची, ही होती. आमच्या गावाकडे चुना लावून मळलेली तंबाखू एकट्याने खात नाहीत. शेजारच्या अनोळखी माणसापुढे तळहात करायचा, त्याने चिमूट उचलली की ओळख झाली. बागेतल्या बाकावर बाबांनी एका तमिळ आजोबांपुढे असाच हात केला. आजोबा नम्रपणे उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. बाबा घरी आले ते तोंड पाडूनच.

मग त्यांना चेन्नईतल्या मराठी मंडळींचा फेसबुक ग्रुप सापडला. बाबा तिथे तंबाखू मळतानाचे व्हिडिओ टाकू लागले. शेवटी तळहात कॅमेऱ्यापुढे धरून म्हणायचे, "घ्या मंडळी!" खाली बदामांचा नुसता पाऊस. "काका, एक चिमूट शोळिंगनल्लूरला पाठवा." "काका, गावाकडची आठवण आली." यातल्या निम्म्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नसेल. मला भयंकर राग यायचा, पण बाबांचा खुललेला चेहरा पाहिला की तो गिळावा लागायचा.

यंदा त्यांना तिखट सोसेनासं झालं. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. तिथला तुकडा काढून तपासल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही, पण तंबाखू सोडली नाही तर होऊ शकतो. बाबांनी पुडी कचऱ्यात टाकली आणि ग्रुपवर तसं जाहीर केलं. लगेच उत्तरं आली. "काका, तुम्हीसुद्धा?" "आमचे आजोबा मरेपर्यंत खायचे, काही झालं नाही." "परत सुरू कराल, लावा पैज!" बाबा कसनुसं हसले. थोड्या वेळाने पाहते तर चपला घालून दारात घुटमळताहेत. कुठे निघालात, हे विचारायची गरजच नव्हती. मला धडकी भरली.

"बाबा, त्यांच्या नादी लागू नका," मी ओरडलेच. "त्यांचं काय जातंय?"

"त्यांना कशाला बोलतेस? मीच तर हसवलंय त्यांना इतके दिवस." त्यांनी चपला काढल्या. "मोबाइल घे. माझ्या तोंडातला फोटो काढ."

चट्टा नीट दिसेल असा फोटो मी काढला. बाबांनी तो ग्रुपवर टाकला. "जेवायच्या वेळी असलं काय टाकता?" म्हणून एकाने खडसावलं. बाकी सगळे चिडीचूप. इतकं एकटं मी बाबांना कधी पाहिलं नव्हतं. फार माया दाटून आली.

दुसऱ्या दिवशी त्यांना एक खाजगी मेसेज आला. पाठवणारा तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, खोली घेऊन राहणारा, चाळिशीचा बँकेतला कारकून. "काका, माझ्याही गालात असंच आहे. घरी सांगितलेलं नाही. डॉक्टरकडे जायची हिंमत होत नाही."

बाबांनी त्याला आपल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बोलावून घेतलं. तो आला, पण नाव पुकारल्यावर जागचा हलेना. बाबांनी त्याच्या दंडाला धरून उठवलं.

"चल," ते म्हणाले, "आधी मी आ करतो. मग तू कर."